पेटीतला श्वास

यंत्रं माझी नाहीत. त्यांच्या कागदांवर सह्या दुसऱ्यांच्या.
माझ्या फक्त पेट्या,
मेकेलेच्या भांडारात, मागच्या खोलीत :
अठरा केशरी, सात काळ्या,
आणि एक, जी कधीकाळी पिवळी होती.

सकाळी मी त्यांच्या ओठांवरून बोट फिरवतो.
झाकणाच्या कडेला रबराची दोरी असते,
तिच्यात एक केस अडकला, मिठाचा एक कण,
तरी पुरे. पाणी वाट शोधतंच.
मी ग्रीस लावत बसलो की लेतेब्रहान दारातून म्हणते,
एवढ्या मायेनं कधी माझ्या पाठीला तेल लावलंस?
मी मान वर करत नाही.
खरं असेल तिचं.

पहिल्या खेपेला मीही उतरलो होतो खाली, दानाकिलात.
जमीन तिथे समुद्राच्याही खाली गेलेली,
गंधकाचं पाणी रटरटतं, बुटांचे तळ सुटतात,
आणि दुपार ही वेळ नसते, वजन असतं.
पेट्या कादाफोच्या उंटांवर.
त्यांना मिठाच्या लाद्यांची सवय. मीठ गप्प बसतं.
पेटी बिजागरीत कुरकुरते,
म्हणून थोरली सांडणी सारखी मान वळवून तिच्याकडे बघायची.
शेवटी तिनं अंग झटकलंच.
पिवळी पेटी तीन पुरुष खोल घळीत, दगडांवरून आपटत.
कोपऱ्याचा टवका उडाला.
आतल्या भूकंपमापकाला कळलंही नाही.

पण तळावर ती उघडेना.
खटके सगळे सुटले, तरी झाकण दात आवळून बसलेलं.
नॉर्वेची पाहुणी पेचकस घेऊन धावली.
कादाफोनं तिला हातानंच थांबवलं,
उकिडवा बसला, पेटीला कान लावला,
गाभण सांडणीच्या पोटाला लावावा तसा.
‘हिनं वरचा श्वास धरून ठेवलाय,’ म्हणाला.
पुढच्या बाजूला नखाएवढी चाकी होती.
मी ती दर आठवड्याला पुसायचो,
कशासाठी आहे ते कधी न विचारता.
त्यानं फिरवली.
सूंऽऽ…
खालची जाड हवा आत शिरली,
आणि मेकेलेची एक पातळ सकाळ
तिच्यात विरून गेली.

मग ते वर्ष आलं, ज्याला आम्ही अजून नाव दिलेलं नाही.
भांडाराचं दार पडलं.
यंत्रं जागीच फुटून पडली होती.
पेट्या गेल्या. सव्वीसच्या सव्वीस.

परत आल्या त्या एकेक, हातोहात,
कुणी सांगून, कुणी रात्री दाराशी ठेवून.
एक मी स्वतःच शोधली, अंगणात, झाकणाविना,
आत कोंबडी अंड्यांवर बसलेली.
ती मी मागितली नाही.

पिवळी आणली अब्रेहेतनं, गल्लीतल्या विधवेनं.
दोन पावसाळे चुलीखाली पुरलेली.
‘ओल आली नाही रे,’ म्हणाली, ‘चिमूटभरसुद्धा नाही.’
उघडली तर आत टेफचं बियाणं,
तांबडं, वाळूसारखं बारीक.
फोममध्ये भूकंपमापकाची जागा कोरलेली होती,
तिच्यात गच्च बसलेलं :
खालची नळी, वरची मूठ, वायरीचं वेटोळं,
सगळं धान्याचं.
आम्ही दोघं बराच वेळ बघत राहिलो.
मग तिनं पदर पसरला
आणि मी पेटी उपडी केली.

नवं यंत्र आलंय आता. तेवढ्याच मापाचं.
फोम तीनदा झटकला, ब्रश मारला,
तरी छिद्राछिद्रांतून दाणे निघतातच.
तसंच पाठवलं.

काल उपग्रह-फोनवर कादाफोचा आवाज, वाऱ्यात फाटलेला :
तुझ्या पेटीतून काहीतरी लाल सांडतंय,
यंत्राला गंज चढलाय का?
म्हटलं, नाही. राहू दे ते.
चाकी फिरवलीस ना आधी?
म्हणाला, मला शिकवतोस?
आणि सांडणी ओरडली की वारा, ते कळायच्या आत
फोन तुटला.